कॅमेऱ्यामागचे जग पाहताना

फोंड्याहून तुम्ही विचारले आहे की गेममधील दूरचे डोंगर आणि इमारती खऱ्या असतात का, आणि त्या जवळून कशा पाहाव्यात. सुरुवात २००४ च्या ‘हाफ-लाइफ २’ या गेमपासून करा, कारण त्यात बाहेरच्या साधनांची गरज पडत नाही. सेटिंग्जमधून कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, सुरू करावा, ‘एसव्ही_चीट्स १’ (sv_cheats 1) लिहावे आणि मग ‘नोक्लिप’ (noclip). भिंती अडवेनाशा होतात.

गेममधल्या रेल्वे स्टेशनबाहेरच्या चौकातून आभाळाला भिडलेला दिसणारा सिटाडेल मनोरा खेळण्याच्या जागेत नसतोच. चौकाबाहेर एका वेगळ्या, बंद कप्प्यात दूरचा देखावा एक-षोडशांश मापात मांडलेला असतो आणि खेळताना तो सोळापट मोठा करून आभाळाच्या जागी दाखवला जातो. त्या कप्प्यात शिरलात की तो अजस्र मनोरा तुम्हाला एवढासा दिसेल. दर्शनी इमारतींच्या मागे गेलात तर त्यांची पाठ गायब असते. आपल्या जत्रेतल्या नाटकाचा रंगवलेला पडदा विंगेतून पाहावा, तसाच प्रकार. खेळाडूला जे दिसणार नाही, त्यावर संगणकाची शक्ती खर्च करायची नाही, एवढाच त्यामागचा हिशेब आहे.

ज्यांना गेम विकत घ्यायचा नाही, त्यांनी ‘नोक्लिप डॉट वेबसाइट’ (noclip.website) या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच अनेक गेमचे नकाशे पाहावेत. ऑनलाइन सामन्यांत मात्र मुक्त कॅमेऱ्याची, म्हणजे खेळाडूला सोडून कॅमेरा कुठेही फिरवणारी, साधने अजिबात वापरू नका, खाते कायमचे बंद होऊ शकते. टिपण ठेवायचे असेल, तर प्रत्येक चित्रासोबत नकाशाचे नाव लिहा. नुसत्या चित्रांच्या ढिगाऱ्यातून पुढे काहीच उमगत नाही.