ॲपवाला शेक: पट्टा एकाच्या अंगावर, बटण दुसऱ्याच्या हातात?

थंडी पडली की शेकाचे प्रश्न येतातच, पण यंदा विटेचा शेक आणि ओव्याची पुरचुंडी मागे पडली आणि सगळ्यांना मोबाईलवरून चालणारा पट्टा घ्यायचाय. त्यातले चार प्रश्न घेतेय.

प्रश्न : आई सांगलीला एकटी राहते, वय ६८, शुगर बरीच वर्षं आहे, गुडघे फार ठणकतात. ब्लूटूथवाला गुडघ्याचा पट्टा बघितलाय, ॲपमधून टेम्परेचर सेट होतं. तिला मोबाईल नीट जमत नाही, तर मीच इथून कमी-जास्त केलं तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

दादा, ब्लूटूथ घरातल्या घरात चालतं, साधारण दहा मीटर धरा, त्यामुळे पुण्यातून सांगलीचा पट्टा हलायचा नाही. वायफायवाला मिळाला तरी मी नकोच म्हणेन. शुगर जुनी असली की पायाची संवेदना हळूहळू कमी होते आणि ते माणसाला कळतही नाही. तुम्ही फोनवर विचारणार, आई गरम लागतंय का, त्या म्हणणार कुठं काय, लागतच नाहीये, की तुम्ही इकडून एक पॉइंट वाढवणार. आणि सकाळी गुडघ्यावर फोड. असे फोड आमच्याकडे गरम पाण्याच्या पिशवीनेही येतात, पट्ट्याचं एवढंच की तो तासन् तास एकाच जागी बांधलेला राहतो.

भाजायला उकळतं पाणीच लागतं असं नाही. १९४७ साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी तपासलं होतं, कातडी सलग ४४ अंशांवर राहिली तर साधारण सहा तासांत भाजते, ४९ ला दहाएक मिनिटं पुरतात. आता पट्ट्यांवर काय लिहिलेलं असतं बघा, ४५, ५५, ६५ अशा तीन पायऱ्या. हा आकडा बहुतेक वेळा आतल्या तापणाऱ्या तारेचा किंवा कार्बनच्या पट्टीचा असतो, कातडीचा नाही. मध्ये अस्तर असतं, कपडा असतो म्हणून निभावतं, पण पट्टा आवळून बांधला किंवा त्यावर टेकून झोपलं की उष्णता अडकते आणि कातडीचा आकडा वर जातो, ॲप मात्र तेच दाखवत बसतं. जाहिरातीतलं ‘पर्सनलाइज्ड’ म्हणजे बऱ्याचदा एवढंच की तुमचं मागचं सेटिंग त्याच्या लक्षात राहतं, तुमच्या कातडीला काय होतंय ते त्याला दिसत नाही.

म्हणून आधी आईंना डॉक्टरांकडे नेऊन पायाची संवेदना तपासून घ्या, नायलॉनचा बारीक धागा टेकवून आणि गरम-गार लावून बघतात, पाच मिनिटांचं काम आहे. संवेदना कमी निघाली तर शेकाचा विषयच सोडा, पट्टा नको आणि पिशवीही नको. चांगली निघाली तर सगळ्यात खालची पायरी, सुती कपड्यावरून, पंधरा-वीस मिनिटं, जाग्या असताना, आणि बटण पट्ट्यावरच हवं जे त्या स्वतः दाबून बंद करू शकतील. शेक झाल्या झाल्या खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, असं दहादा. शेकाने दुखणं तेवढ्यापुरतं कमी होतं, गुडघ्याला आधार मिळतो तो मांडीच्या स्नायूंनी, आणि तो व्यायाम टाळून नुसता पट्टा बांधून बसणारे लोक मला भरपूर भेटतात.

प्रश्न : पाळीच्या पहिल्या दोन दिवशी पोटात इतकी कळ येते की मीटिंगमध्ये बसवत नाही. पिशवी घेऊन ऑफिसला जायची लाज वाटते, पट्टा कुर्त्याच्या आत दिसणार नाही. खरंच उपयोग होतो की नुसतं मार्केटिंग? आणि ब्लूटूथने गर्भाशयाला काही होत नाही ना? (हिंजवडी)

उपयोग होतो गं, आणि पाळीच्या दुखण्यावर मी हे मोकळेपणाने सांगते. २००१ साली छापून आलेल्या एका अभ्यासात पोटावर ३८.९ अंशांचा हलका शेक सलग ठेवला होता आणि त्याने आयबुप्रोफेन या दुखणं थांबवणाऱ्या गोळीइतकाच आराम पडला, गोळी आणि शेक दोन्ही घेतलेल्यांना लवकर बरं वाटलं. आकडा नीट बघ, एकोणचाळीससुद्धा नाही. म्हणजे जास्त गरम म्हणजे जास्त आराम असं काही नाही, मंद आणि सलग हवं, आणि त्या कामाला पट्टा पिशवीपेक्षा बरा कारण पिशवी आधी चटका देते आणि थोड्या वेळाने गार पडते. लाज वगैरे सोड, पण दिसत नाही ही सोय आहे हे खरं.

ब्लूटूथची काळजी करू नकोस, त्याचा सिग्नल फार कमी ताकदीचा असतो, खिशातला मोबाईल त्याहून जास्त सोडतो. दुसऱ्या गोष्टीवर लक्ष ठेव. पोटावर जाळीसारखे तपकिरी-लालसर डाग दिसायला लागले तर शेक जास्त होतोय, लगेच थांबव, नाहीतर ते डाग कायमचे राहू शकतात. बाम चोळून वर पट्टा बांधायचा नाही. गरोदर असशील किंवा शंका असेल तर पोटावर शेक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि दर महिन्याला कळ वाढतच चाललीय, गोळीलाही दाद देत नाही असं असेल तर पट्टा घेण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) बरीच वर्षं ‘पाळीत दुखतंच’ म्हणून अंगावर काढलेलं असतं.

प्रश्न : हंडा उचलताना कमरेत उसण भरली, लगेच शेकलं तर चालतं का?

कमरेला चालतं, पहिल्या काही दिवसांत थोडा फरक पडतो. घोटा मुरगळून सुजलाय, लाल झालाय, तिथे मात्र आधी बर्फ. कमरेची कळ पायात उतरतेय, मुंग्या येतायत किंवा लघवीवरचा ताबा जातोय असं असेल तर शेकत बसू नका, दवाखाना गाठा.

प्रश्न : पॉवरबँकवर किती वेळ चालेल? विमानात नेता येतो का? विकत घेताना काय बघायचं?

बरेच पट्टे ५ व्होल्ट २ अँपियरवर चालतात, म्हणजे दहा वॅट. दहा हजार एमएएचची पॉवरबँक फुल पायरीवर अडीच-तीन तास धरा, खालच्या पायरीवर जास्त. विमानात पॉवरबँक केबिन बॅगेतच, चेक-इन सामानात चालत नाही. धुताना कंट्रोलर आणि वायर काढून, तेही लेबलवर धुवा म्हटलं असेल तरच.

घेताना दुकानात किंवा घरी आल्यावर रिटर्नची मुदत संपायच्या आत एक करून बघा. पट्टा टेबलावर चालू करा, टायमर लावा आणि मोबाईलचं ब्लूटूथ बंद करा. वेळ झाल्यावर पट्टा आपला आपण बंद झाला, म्हणजे टायमर नुसता मोबाईलमध्ये नाही, पट्ट्यातही आहे, तर ठेवा. तापतच राहिला तर पॅक करून परत पाठवा, मग ॲप कितीही गोड दिसू दे.