वाचकांचे प्रश्न : ग्रीक तत्त्वज्ञांच्या गादीवर कोण बसे?

प्रश्न : आमच्याकडे मठाचे स्वामी हयातीतच शिष्यस्वीकार करतात आणि पुढे तोच शिष्य पीठावर बसतो. प्राचीन ग्रीसमधील तत्त्वज्ञांच्या शाळांतही अशीच रीत होती, की प्रमुखपद मुलाकडे जात असे? — एक वाचक, फोंडा

उत्तर : गादी मुलाकडे जाण्याची रीत तिथे नव्हती. इ.स.पू. 347च्या सुमारास प्लेटो वारल्यावर त्याच्या अकादमी या शाळेचे प्रमुखपद त्याचा भाचा स्प्युसिपस याच्याकडे गेले खरे, परंतु आठ वर्षांनी त्याच्या मागे कोण, हे तरुण सभासदांनी मतदानाने ठरवले आणि झेनोक्रेटिस थोड्या मतांच्या फरकाने निवडून आला. ॲरिस्टॉटलविषयी रोमन लेखक ऑलस गेलियस याने एक सुरेख आख्यायिका सांगितली आहे. शिष्यांनी वारसाचे नाव विचारले, तेव्हा त्याने ऱ्होड्स आणि लेस्बॉस या बेटांची मद्ये मागवून चाखली, दोन्ही उत्तम असल्याचे सांगितले आणि लेस्बॉसचे अधिक गोड आहे, एवढेच म्हटले. लेस्बॉसचा थिओफ्रास्टस निवडला गेला, हे ऱ्होड्सच्या युडेमसला आणि इतरांना न दुखावता कळले.

मात्र माणूस निवडला म्हणजे काम संपले, असे नव्हते, आणि मला या विषयातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. अथेन्समध्ये जमीन बाळगण्याचा हक्क सामान्यतः नागरिकांनाच होता, तर शाळांचे प्रमुख बहुधा परगावचे असत. थिओफ्रास्टसला शाळेसाठी बाग मिळाली ती अथेन्सचा तेव्हाचा कारभारी, फालेरॉनचा डेमेट्रियस याच्या साहाय्याने. पुढे मृत्युपत्रात त्याने ती दहा सहकाऱ्यांच्या स्वाधीन केली आणि ती कोणी विकू नये किंवा एकट्याची म्हणून बळकावू नये, देवळासारखी सर्वांनी मिळून वापरावी, असे लिहून ठेवले.

आपल्या बागेत शाळा चालवणारा दुसरा तत्त्वज्ञ एपिक्युरस स्वतः नागरिक होता, पण त्याने वारस म्हणून निवडलेला हर्मार्कस लेस्बॉसवरील मायटिलिनीचा, म्हणजे परका. एपिक्युरसने मोठ्या विचाराने यातून वाट काढली : मालमत्ता ॲमायनोमॅकस आणि टिमोक्रेटिस या दोघा अथेन्सकरांच्या नावे केली, हर्मार्कसला व त्याच्या सोबत्यांना बागेत राहून अध्ययन करू द्यावे, अशी अट त्यांच्यावर घातली आणि त्या दानाची नोंद मेट्रून या सरकारी दप्तरात ठेवली. अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलन याच्या कायद्याप्रमाणे औरस मुलगा नसलेल्यालाच मृत्युपत्र करता येई; एपिक्युरस अविवाहित होता, म्हणून त्याला ते करता आले. मृत्युपत्राने मुलांचा अर्धा वाटा काढून घेता येत नाही, हा नियम पाळणाऱ्या आपल्या गोव्यातील वाचकांना ही अडचण विशेष सांगायला नको.

झेनोने स्थापलेल्या स्टोइक पंथाकडे बाग नव्हतीच. त्याचे लोक चित्रांनी सजवलेल्या सार्वजनिक ओसरीत शिकवत. झेनोनंतर त्यांचा प्रमुख झालेला क्लिअँथिस रात्री बागांना पाणी शेंदून पोट भरत असे.

रोमन अमलात जुना प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला : एपिक्युरसच्या शाळेचा प्रमुख रोमन नागरिकच असावा, असे बंधन आले. इ.स. 121 मध्ये सम्राट ट्रेजनची विधवा प्लोटिना हिने तेव्हाचा सम्राट हेड्रियन याला पत्र लिहून ते सोडवून घेतले. प्रमुखाने ग्रीक भाषेत मृत्युपत्र करावे आणि रोमन नागरिक नसलेल्यालाही वारस नेमावे, अशी परवानगी हेड्रियनने दिली. हा पत्रव्यवहार अथेन्समध्ये दगडावर कोरलेला सापडला आहे. त्यात प्लोटिनाने शाळेतील मंडळींना असेही कळवले आहे की, निवड करताना आपल्या मर्जीतला कोण हे न पाहता सर्वांत योग्य कोण हे पाहावे.