सिद्धांत पाठवण्याआधी

आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत चुकीचा आहे, असं मांडणारी तुझी वही पूर्ण वाचली. सापेक्षता चुकीची ठरवायची असेल, तर सुरुवात घराजवळून कर. आपल्या इंदूरलाच राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 हे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवणारं यंत्र आहे. त्याच्या गोल कड्यात इलेक्ट्रॉन 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरतात, म्हणजे स्थिर ऊर्जेच्या (थांबलेल्या इलेक्ट्रॉनमध्ये असते तेवढ्या ऊर्जेच्या) जवळपास 4,900 पट. सापेक्षतेची सूत्रं धरूनच ते यंत्र आखलंय. तुझ्या सूत्रांतून ते आकडे निघतात का, हे आधी बघ. नाही निघाले तर पुढचं कुणी वाचणार नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही.

पदवी नाही म्हणून दार बंद, हे अर्धंच खरं. ओळख नसली की पत्राला उत्तर येत नाही, अर्काइव्हवर (arXiv, शास्त्रज्ञ आपले लेख खुले ठेवतात ती वेबसाइट) लेख टाकायलाही नवख्याला शिफारस लागते. ते खुपतं, मलाही. पण ‘आइन्स्टाइनही कारकून होता’ असं कुणाला लिहू नकोस. 1905 साली तो बर्नच्या पेटंट कचेरीत होता खरा, पण 1901 पासून त्याचे लेख नामांकित नियतकालिकात छापून येत होते.

त्यापेक्षा सत्येंद्रनाथ बोसांकडे बघ. 1924 मध्ये त्यांनी ढाक्याहून आइन्स्टाइनला छोटासा लेख पाठवला. तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रकाशाचं प्लांकचं सर्वमान्य सूत्रच त्यात नव्या वाटेने काढलं होतं, त्यामुळे वाचणाऱ्याला लगेच पडताळता आलं. आइन्स्टाइनने स्वतः जर्मन भाषांतर करून तो छापायला दिला.

तू एकच दावा निवड, चार पानांत बसव. कुठल्या प्रयोगाने तो खोटा ठरेल, ते पहिल्याच पानावर लिही. रविवारी घरी ये, गणित एकत्र तपासू.