फुटबॉल संघात ड्रेसिंग रूमचा खरा नेता कोणाला म्हणायचं?

दंडावर कर्णधाराची पट्टी आली म्हणून कुणी नेता होत नाही, आणि नुसता आरडाओरडा करणारा तर नाहीच. ज्याने कान पिळला तरी पोरं निमूट ऐकतात, तो माझ्या मते खरा नेता.

बार्सिलोना या स्पॅनिश क्लबचा कर्णधार कार्लेस पुयोल घ्या. 2012 मध्ये रायो व्हायेकानो या संघाचा 7-0 असा धुव्वा उडवताना गोलनंतर त्याचेच सहकारी थिआगो आणि दानी आल्वेस नाचायला लागले. पुयोल धावत आला, मध्ये घुसला आणि नाच तिथेच बंद पाडला. समोरचा आधीच झोपलाय, त्याच्या जखमेवर मीठ कशाला!

त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची, फायनल होती. बार्सिलोनाच्याच एरिक अबिदालच्या यकृतातल्या गाठीची शस्त्रक्रिया मार्चमध्ये झालेली, तरी मे महिन्यात गडी पूर्ण सामना खेळला. मँचेस्टर युनायटेडला 3-1 हरवल्यावर पुयोलने पट्टी अबिदालच्या दंडावर चढवली आणि चषक आधी त्यालाच उचलायला लावला. (चषक उंचावतानाचा तो फोटो जन्मभराचा असतो, सहजासहजी कोण सोडतो?)

कौशल्यात संघातले मेस्सी, झावी, इनिएस्ता त्याच्या कितीतरी पुढे. तरी 2004 पासून 2014 मध्ये क्लब सोडेपर्यंत कर्णधार पुयोलच होता.