जुन्या बोट-इंजिनाचे पार्ट : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळचे बहुतेक प्रश्न फिरून एकाच तक्रारीवर येतात: “दुकानदार म्हणतो, या इंजिनाचे पार्ट आता येत नाहीत.” हे अर्धंच खरं असतं. त्या कंपनीच्या डब्यातून, त्या नंबरने येत नाहीत, एवढंच त्याला म्हणायचं असतं. पार्ट दुसऱ्या डब्यात, दुसऱ्या नावाने पडलेला असू शकतो.

प्रश्न : माझ्याकडे जुनं जॉन्सन आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन) आहे, ४० हॉर्सपॉवरचं. नामपट्टी कधीच गळून पडली आहे. वर्ष कळल्याशिवाय कुणी पार्ट द्यायला तयार नाही. वर्ष शोधायचं कसं?

आधी झाकणावरचे स्टिकर आणि रंग डोक्यातून काढून टाका. आउटबोर्डचं झाकण ही सगळ्यात जास्त बदलली जाणारी वस्तू. एकाचं फुटलं की दुसऱ्याचं चढतं, आणि एका ताकदीचं झाकण कधी कधी दुसऱ्या ताकदीच्या इंजिनावरही बसतं.

नामपट्टी बोटीला अडकवायच्या ब्रॅकेटवर असते. ती नसेल तर झाकण काढून इंजिनाचा ब्लॉक बघा. नाण्याएवढी किंवा जरा मोठी धातूची चकती ठोकून बसवलेली दिसेल. तिच्यावर बहुतेक वेळा मॉडेल किंवा सीरियल नंबर कोरलेला असतो. वर रंगाचे थर असतील तर पेंट रिमूव्हर आणि चिंधी घ्या. सँडपेपर लावू नका. कोरीव काम उथळ असतं, घासलं की तेही जातं. तिरका टॉर्च मारला की अक्षरं उठून दिसतात.

तुमचं इंजिन १९८० नंतरचं असेल तर वर्ष मॉडेल नंबरातल्या इंग्रजी अक्षरांत लपलेलं आहे. आय म्हणजे १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९ आणि एस म्हणजे ०. मॉडेल ‘जे ४० ई सी आर डी’ असेल तर शेवटचं ‘डी’ हे त्या वर्षातल्या सुधारणेचं अक्षर, आणि त्याच्या आधीचे ‘सी आर’ म्हणजे ८४. झालं, १९८४ चं इंजिन. शेवटचं अक्षर मात्र क्षुल्लक समजू नका. एकाच वर्षात कार्ब्युरेटर किंवा इग्निशन मध्येच बदललेलं असतं, आणि तो फरक त्याच अक्षरात असतो.

ब्रॅकेटवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला नाही तर घाबरू नका. कुणीतरी वरचं इंजिन बदललंय, इतकंच. मग पिस्टन, इग्निशन, कार्ब्युरेटर ब्लॉकच्या नंबरवरून घ्या. खालचा गिअरकेस (पंखा फिरवणाऱ्या गिअरांचा डबा) कोणत्या इंजिनाचा, ते वेगळं तपासा.

जॉन्सन आणि एव्हिनरूड ही एकाच कंपनीची दोन नावं. ती मूळ कंपनी २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, ब्रँड दुसऱ्याकडे गेले आणि २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादनही थांबलं. पण त्याच वर्षाच्या, त्याच ताकदीच्या दोन्ही नावांच्या इंजिनांत रंग आणि स्टिकर सोडले तर आतला माल बहुतेक एकच असतो. म्हणजे शोधताना दोन्ही नावांनी शोधा. असं बाकी ठिकाणीही आहे. निस्सान नावाने विकली गेलेली आउटबोर्ड तोहात्सूची होती. क्रायस्लरचं आउटबोर्ड १९८४ नंतर फोर्स नावाने आलं आणि पुढे मर्क्युरीच्याच मालक कंपनीकडे गेलं. पहिल्या मरिनर इंजिनांपैकी बरीच यामाहाने बनवलेली.

प्रश्न : बोटीत जुनं डिझेल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं इंजिन) आहे. ज्या कंपनीची पाटी आहे, तिचं नावही आता कुणी घेत नाही. इंजिन ठणठणीत आहे, पण ओव्हरहॉल करायचं झालं तर पार्टचं काय?

पाटीवर जिचं नाव आहे तिने इंजिन बनवलं असेलच असं नाही. लहान मरीन डिझेल विकणाऱ्या अनेक कंपन्या ब्लॉक दुसऱ्याकडून घेत आणि समुद्राला लागणारा साज स्वतः चढवत. युनिव्हर्सल, बीटा, नानी यांच्या अनेक मॉडेलांत आत कुबोटा असतो. व्हेटसच्या बऱ्याच इंजिनांत मित्सुबिशी. वेस्टरबेकच्या जुन्या काही इंजिनांत पर्किन्स. पर्किन्स ४.१०८, म्हणजे ४ सिलिंडर आणि १०८ घनइंच, बोटींत जसं गेलं तसंच व्हॅन आणि कारखान्याच्या यंत्रांतही गेलं. मग पिस्टन रिंग शोधताना बोटीच्याच दुकानात का जायचं?

म्हणून इंजिनाकडे दोन भागांत बघा. ब्लॉकच्या आतलं, म्हणजे पिस्टन, रिंग, लायनर, बेअरिंग, व्हॉल्व्ह, नोझल, हे मूळ ब्लॉक बनवणाऱ्याचं. ते ट्रॅक्टर, जनरेटर, फोर्कलिफ्टच्या पार्टवाल्याकडे मिळू शकतं. बाहेरून लटकलेलं, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा ओतीव भाग), हीट एक्स्चेंजर (खाऱ्या पाण्याने इंजिनाचं पाणी थंड करणारा भाग), खाऱ्या पाण्याचा पंप, गिअरबॉक्स जोडणारी बेलहाउसिंग आणि बऱ्याचदा ऑईल सम्पसुद्धा, हे बोटवाल्याचं. खरी रडारड या दुसऱ्या यादीची. ओव्हरहॉलचा विचार करताना इंजिन उघडण्याआधी ही दुसरी यादी कितपत शाबूत आहे ते बघा. मॅनिफोल्ड आतून सडला असेल आणि कुठेच मिळत नसेल, तर नव्या रिंग टाकून काय उपयोग?

डिझेल पंप आणि नोझल यांची स्वतःची ओळख असते. पंपाच्या अंगावर बॉश किंवा सीएव्ही अशा पंप बनवणाऱ्या कंपनीची छोटी पट्टी असते, नोझलवर कोरलेला कोड असतो. पंप रिपेअर करणाऱ्याला इंजिनाचं नाव सांगूच नका, हे दोन नंबर द्या.

एक सापळा सांगतो. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागावर ठळक उठून आलेला नंबर दिसला की लोक तोच पार्ट नंबर समजून मागवतात. तो ओतकामाचा नंबर असतो. एकाच ओतीव तुकड्यावर वेगवेगळं मशीनिंग करून तीन-चार निराळे पार्ट बनतात, आणि चारही पार्टवर ओतकामाचा नंबर तोच. पार्ट नंबर मिळतो तो चित्रांच्या पार्ट कॅटलॉगमध्ये. रिपेअर मॅन्युअल नसलं तरी चालेल, पण हा कॅटलॉग आधी मिळवा. त्यातला नंबर रद्द झाला असेल तर बहुतेक वेळा त्याच्या जागी नवा नंबर दिलेला असतो. विक्रेत्याला सरळ विचारा: “या नंबरच्या बदल्यात पुढे कोणता नंबर आला?”

प्रश्न : पेट्रोल इनबोर्ड आहे, ब्लॉक मोटारीचाच. मग स्टार्टर, अल्टरनेटर, कार्ब्युरेटर मोटारीचे लावले तर काय बिघडतं? दिसायला तर हुबेहूब.

बोट उडू शकते. हे मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. मोटारीच्या बॉनेटखाली ती खालून निघून जाते, बोटीत ती तळाशी साचून राहते. मोटारीच्या स्टार्टर आणि अल्टरनेटरमध्ये कार्बन ब्रशपाशी ठिणग्या पडतात आणि त्या बाहेरच्या हवेला उघड्या असतात. मरीन स्टार्टरची रचना आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवणार नाही अशी असते. कार्ब्युरेटरचंही तसंच. फ्लोट अडकून पेट्रोल उतू गेलं तर मरीन कार्ब्युरेटर ते इंजिनाच्या आत सोडतो, मोटारीचा बाहेर सांडतो. मरीन फ्युएल पंपाला दोन डायफ्रॅम असतात. पहिला फाटला तर पेट्रोल एका नळीतून दिसतं, तळात गळत नाही. डिस्ट्रिब्युटरही याच यादीत धरा.

पिस्टन, रिंग, बेअरिंग, लिफ्टर मोटारीचे चालतील, पण साइझ आणि स्पेसिफिकेशन जुळवून. हेड गॅस्केट खाऱ्या पाण्याला टिकणारं घ्या आणि ब्लॉकची गोल भोकं बंद करणाऱ्या चकत्या (फ्रीझ प्लग) पोलादी न घेता पितळेच्या. जुन्या जोड-इंजिनाच्या बोटीत एक इंजिन उलटं फिरणारं असू शकतं. त्याचा स्टार्टर, कॅमशाफ्ट, इतकंच काय क्रँकचं मागचं ऑईल सीलसुद्धा वेगळं. सरळ फिरणाऱ्याचं सील तिथे बसेल, आणि तेल आत ओढायच्या ऐवजी बाहेर फेकेल.

प्रश्न : खाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक) मिळत नाही. जुना दाखवला तर दुकानदार “असाच दिसतोय” म्हणून एक देतो, पण इंजिन तापतं.

“असाच दिसतोय” वर इम्पेलर घेऊ नये. पंप इंजिन कंपनीने बनवलेला नसतो. बहुधा तो जॅबस्को, जॉन्सन किंवा शेरवूडचा असतो (या जॉन्सन पंपाचा जॉन्सन आउटबोर्डशी काही संबंध नाही, त्यावरून गोंधळ होतो). पंपाच्या बॉडीवर किंवा मागच्या फ्लँजवर त्याचा स्वतःचा मॉडेल नंबर शोधा. सापडला तर काम संपलं. पंप कंपनीच्या यादीत त्यासमोर इम्पेलरचा नंबर असतो, आणि इतर कंपन्यांच्या इम्पेलरशी जुळवणीचे तक्तेही मिळतात.

नंबर नसेल तर व्हर्निअर कॅलिपर घ्या. बाहेरचा व्यास जुन्या इम्पेलरवरून मोजू नका, कारण त्याची पाती एका बाजूला वाकून तशीच बसलेली असतात आणि माप कमी भरतं. पंपाच्या बॉडीचं आतलं भोक मोजा. रुंदीसाठी बॉडीची खोली मोजा. मग शाफ्टचा व्यास, पात्यांची संख्या, आणि शाफ्ट इम्पेलरला फिरवतो कसा: चावीने, आडव्या पिनेने, एका बाजूच्या सपाटीने की दात्यांनी. या पाच गोष्टी लिहून द्या. थंड करायच्या पाण्यासाठी निओप्रीन घ्या. नायट्रिल तेलकट पाण्यासाठी असतं.

इम्पेलर बरोबर असूनही तापत असेल तर पंपाचं झाकण काढून बघा. आतल्या बाजूला गोल चरे पडले असतील तर पाणी तिथून मागे फिरतं. झाकणाची दुसरी बाजू सपाट असेल तर ते उलटं करून लावा, नवं मागवायची गरज नाही. आणि जुन्या इम्पेलरची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर ते गायब झालेलं नाही, पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकून बसलंय.

पंपाच्या बेअरिंग आणि सीलसाठी पंप कंपनीच्या मागे धावू नका. बेअरिंगच्या कडेवर आकडा असतो. ६२०४ म्हणजे आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, रुंदी १४. ६२०३ म्हणजे १७, ४०, १२. जगात कुठेही हेच. सीलवर ‘३५-५२-७’ असे तीन आकडे असतात, तेही आतलं, बाहेरचं, जाडी याच क्रमाने. पाण्याकडच्या सीलची स्प्रिंग मात्र स्टेनलेसची मागा. दोन सीलांच्या मधल्या भागातून खाली एक बारीक भोक असतं. त्यातून पाणी टिपकतंय म्हणून कुणी ते बुजवलं असेल तर आधी मोकळं करा. ते भोक बुजलं की गळणारं पाणी थेट इंजिनाच्या तेलात जातं.

प्रश्न : एक्झॉस्टचा मिक्सिंग एल्बो (धुरात थंड पाणी मिसळणारा वाकडा पाइप) सडला. मूळ पार्ट येत नाही. वेल्डरकडून बनवून घेतला तर चालेल का?

चालेल, आणि जुन्या डिझेलांसाठी कित्येकदा तोच मार्ग उरतो. ३१६ एल दर्जाचं स्टेनलेस वापरा. पितळ नको, डिझेलच्या धुरातलं गंधक आणि खारं पाणी मिळून ते खातात. जुना एल्बो फेकू नका, वेल्डरला तोच नमुना. आतला व्यास कमी होऊ देऊ नका. पाणी जिथे मिसळतं तिथून पुढे उतार खालीच हवा. ती जागा पाण्याच्या पातळीला लागून किंवा खाली असेल तर पाण्याच्या नळीत सायफन तोडणारा व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर इंजिन बंद असताना पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये उतरतं. मग स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. बसवण्याआधी तोंडं बंद करून पाण्याचा दाब देऊन बघा. तरी हा एल्बो कायमचा नाही. गरम खाऱ्या पाण्यात वेल्डपाशी स्टेनलेसही फुटतं, तेव्हा एक जादा बनवून ठेवा.

नळीच्या जोडणीचे आटे तपासून घ्या. अर्ध्या आणि पाऊण इंचात ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही पाइपांना इंचाला १४ आटेच असतात. हाताने दोन-तीन फेरे सहज जातात, म्हणून वाटतं जमलं. पण आट्याचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. कितीही टेप गुंडाळा, आज ना उद्या गळणार.

प्रश्न : तीस वर्षांपूर्वीचे सीलबंद, कोरे पार्ट मिळताहेत. घ्यावेत का?

धातूचे असतील तर डोळे मिटून. गिअर, शाफ्ट, पिस्टन पाकिटात म्हातारे होत नाहीत. रबराचे असतील तर फक्त मापासाठी घ्या: डायफ्रॅम, सील, ओ-रिंग, इम्पेलर कडक झालेले असतात. शिवाय जुन्या कार्ब्युरेटर किटमधलं रबर आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेलंच नाही. जुन्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टस असू शकतं. ते बसवू नका, आणि इंजिनावरचं जुनं गॅस्केट कोरडं घासू नका, ओलं करून खरवडा.

प्रश्न : पार्टसाठी तसंच दुसरं बंद इंजिन विकत घेणं शहाणपणाचं आहे का?

आउटबोर्डच्या बाबतीत बऱ्याचदा हो. इम्पेलर, सील, पॉवरपॅक (इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक डबा) यांच्यासाठी नाही, ते बाहेरच्या कंपन्या अजून बनवतात. घ्यायचं ते ओतीव भागांसाठी, जे कुणीच बनवत नाही: गिअरकेसची बॉडी, ब्रॅकेट, झाकण, सिलिंडर ब्लॉक. फ्लायव्हील हाताने फिरतंय का बघा. गिअरकेसचा खालचा स्क्रू सैल करून थोडं तेल बोटावर घ्या. दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय. किती दिवसांपासून, ते गिअरचे दात आणि बेअरिंग पाहिल्याशिवाय कळणार नाही.

शाफ्टची लांबी जुळते का बघा, आउटबोर्डात १५, २० आणि २५ इंच ही नेहमीची मापं. गिअर रेशोही मोजा. एकाच ताकदीच्या दोन इंजिनांत तो वेगळा असू शकतो. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) एका पात्याला खडूची खूण करा, गिअरमध्ये टाका, फ्लायव्हील सावकाश फिरवा आणि पंख्याच्या एका फेऱ्याला फ्लायव्हीलचे किती फेरे लागतात ते मोजा. पैसे हे आकडे जुळल्यावर द्या.