होमब्रू काढा, पण आधी डेटाबेस कुठे बसलाय ते बघा

दादा, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. जुन्या इंटेल मॅकवरून सगळं एम१ वर (ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर) आणलं, आता दोन-दोन होमब्रू (टर्मिनलमधून सॉफ्टवेअर टाकायचं साधन) झालेत, तर यूएसआरमधलं लोकल फोल्डर अख्खं उडवू का, असं विचारलंय तुम्ही. नका उडवू. मी लातुरात हेच केलं होतं.

टर्मिनल, सुडो तुम्हाला येतंच. इंटेलचं ब्रू त्या लोकल फोल्डरात, एम१चं ऑप्टमधल्या होमब्रू फोल्डरात. मायग्रेशन असिस्टंट, म्हणजे मॅक बदलताना सामान हलवणारा ॲपलचा प्रोग्राम, जुनं जसंच्या तसं उचलून आणतो आणि रोझेटामुळे (इंटेलचे प्रोग्राम एम१ वर चालवणारी सोय) ते चालतही राहतं. माझा घात तिथेच झाला. मेहुण्याच्या अडतीचा सगळा हिशोब मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये. नव्या ब्रूमधून मायएसक्यूएल टाकलं, हिशोबाचा प्रोग्राम उघडला, शेतकऱ्यांच्या सगळ्या पट्ट्या दिसल्या. वाटलं, झालं काम. प्रत्यक्षात उत्तर देत होता जुनाच सर्व्हर, डेटाही जुन्याच ब्रूच्या व्हार फोल्डरात. मी त्या लोकल फोल्डरावर आरएम-आरएफ (न विचारता सगळं पुसणारी कमांड) मारलं. संध्याकाळपर्यंत काहीच कळलं नाही, कारण उघड्या फायली सर्व्हरने धरून ठेवल्या होत्या. सकाळी मॅक रीस्टार्ट केला, नवा सर्व्हर उठला, आणि आत काही नाही. शेवटचा बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा, आणि दिवस ऐन सोयाबीनच्या आवकेचे.

त्यात एका डेटा रिकव्हरीवाल्याने आगाऊ पैसे घेऊन मशीन आठ दिवस अडकवलं. एसएसडीवर ट्रिम (पुसलेली जागा ड्राइव्हने मोकळी करून टाकायची सोय) चालू असलं की पुसलेलं जवळपास परत येत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. दारात शेतकरी पैशाला उभे आणि आमच्याकडे आकडा नाही. शेवटी काटापट्ट्या मांडून तीन रात्री नोंदी पुन्हा भरल्या. त्या माणसाचा राग अजून जात नाही.

तर आधी सर्व्हरलाच डेटाडिर, म्हणजे डेटा ठेवलेल्या फोल्डरचा पत्ता, विचारा. तो सांगेल तो पत्ता खरा. मग मायएसक्यूएल-डंप (सगळ्या डेटाची एका फाइलीत प्रत) घ्या, पेनड्राइव्हवर ठेवा आणि नव्या सर्व्हरात भरून उघडून बघा. चालू सर्व्हरचं फोल्डर कॉपी करणं मला पटत नाही. पॅकेजची यादी ब्रू बंडल डंपने निघते. जुन्या ब्रूच्या सर्व्हिसेस आधी थांबवा, नाहीतर लाँच-एजंटच्या (सर्व्हिस आपोआप सुरू करणाऱ्या) फायली मागे राहतात. नंतर होमब्रूचीच अनइन्स्टॉल स्क्रिप्ट, पाथ जुन्या ब्रूचा देऊन, पहिल्यांदा ड्राय-रनने, म्हणजे काही न पुसता. काय जाणार ते ती दाखवते. खरी चालवल्यावर काय उरलं त्याचीही यादी देते. त्यातलं एकेक वाचूनच हाताने काढा. लोकल फोल्डरात ब्रूशिवाय इतर सॉफ्टवेअरचंही सामान असतं.

टर्मिनल उघडताना 'फाइल सापडत नाही' असं आलं तर झेडप्रोफाइल या टर्मिनलच्या सेटिंग फाइलीतली जुन्या ब्रूची ओळ काढा, नव्याची राहू द्या. हे मायएसक्यूएलपुरतं; पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर मी काम केलेलं नाही, तिथे जाणकारांना विचारा.

आज काही पुसू नका. डेटाडिरचं उत्तर काय येतं ते आधी इथे लिहा, मी रात्री बघतो.