नवरी गौरीहरापासून बोहल्यापर्यंत येताना काय वाजवावं?

मे महिन्यात सोलापुरात लग्न, मुहूर्त दुपारी १२:३७, आणि मामा नवरीला गौरीहरापासून घेऊन येतील तेव्हा सनई ठेवावी की डीजेवर गाणं, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, तेवढ्या वाटेपुरती तरी सनईच ठेवा. फोटोवाल्याने मध्येच थांबवलं तर सनईवाला तीच ओळ फिरवून घेतो आणि मुलगी पाटावर उभी राहताच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबतो. रेकॉर्ड केलेलं गाणं तिच्यासाठी थांबत नाही.

आधी वाट मोजा. शालू नेसलेली मुलगी पावलाला दीड फूटच पुढे सरकते, मिनिटाला साधारण पन्नास पावलं. म्हणजे ८० फुटांना मिनिटाहून थोडं जास्त, थांबे धरून अडीच मिनिटं. दादऱ्यातली, म्हणजे सहा मात्रांच्या तालातली, संथ धून सांगा; पाऊल पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर पडतं, चालीला डोल येतो. जलद केरवा ताल नको. बरोबरच्या मुली घाई करतात आणि निऱ्या पायात येतात.

दुपारच्या मुहूर्ताला वृंदावनी सारंग राग फार शोभतो. गोरज मुहूर्त असता तर यमन म्हटलं असतं. जोगिया, शिवरंजनी टाळा, त्यांत पाठवणीचा हुंदका आहे. गाणंच लावायचं असेल तर शेवटच्या कडव्यापर्यंत शब्द ऐका; लग्नाची म्हणून वाजणारी कितीतरी गाणी खरं तर सासरी निघालेल्या मुलीची असतात.

सोलापूर-अक्कलकोटकडे सुंदरी वाजवणारे आहेत. सनईहून लहान वाद्य, आवाज बारीक आणि गोड. लहान हॉलला मी तीच घेईन.

इथल्या मे महिन्यात खरा त्रास कूलरचा. त्याचा वारा माइकवर आला की नुसता घोंघाट होतो, आणि कोरड्या हवेत सनईची पत्ती (ओठात धरून फुंकायची) सुकून सूर फाटतो. वादकांना झोताबाहेर बसवा, जवळ पाण्याची वाटी ठेवा, पत्ती ओली करून दहा मिनिटं आधी वाजवायला सांगा. माइक सनईच्या तोंडासमोर नको, दीड फूट लांब आणि थोडा वर.

गाणं लावणार असाल तर चार मिनिटांची फाइल आधीच उतरवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि वायरने जोडा. ब्लूटूथवर ठेवलं आणि आत्याचा फोन आला, की रिंग अख्ख्या मांडवात वाजते. स्पीकर गुरुजींच्या माइकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवा. मागे राहिले तर मंगलाष्टकांत शिट्टी मारतात.

मंगलाष्टकांना पंधरा-वीस मिनिटं धरा, म्हणजे मुलीने १२:१५ च्या आत निघायला हवं. त्याआधी नवरदेवाबरोबर आलेला बँजो दारातच बंद करायला एक माणूस नेमा. दुसरा माणूस गुरुजी आणि सनईवाला दोघांनाही दिसेल असा उभा करा. मुलगी अंतरपाटामागे उभी राहिली की त्याने रुमाल हलवायचा आणि सनई थांबायची. पुन्हा वाजवायचं ते शेवटच्या ‘सावधान’लाच, अंतरपाट दूर होताना. मधल्या प्रत्येक ‘सावधान’ला अक्षता पडतात, तेव्हा वाजंत्री हमखास फसतात. म्हणून किती मंगलाष्टकं म्हणणार ते गुरुजींना आदल्या दिवशी विचारून तो आकडा सनईवाल्याला सांगून ठेवा.